मेलेल्या लाकडाचा हिशेब

फिनलंडच्या जंगलांविषयी गेली अनेक दशके चाललेल्या वादाच्या मुळाशी एक परस्परविरोधी वाटणारी वस्तुस्थिती आहे. त्या देशात आज शंभर वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लाकूड उभे आहे आणि तरीही तिथले जंगल तेव्हापेक्षा दरिद्री झालेले आहे. १९२१ ते १९२४ या काळात युर्जो इल्वेसालो या वनशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिथे देशभरातील जंगलाची पहिली मोजणी झाली. ठरावीक अंतरावर आखलेल्या सरळ रेषांवरून पथके चालत गेली आणि वाटेतल्या झाडांची नोंद करत गेली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या राष्ट्रीय वनमोजण्यांपैकी ती एक होती. त्या वेळी उभ्या लाकडाचे आकारमान सुमारे दीड अब्ज घनमीटर भरले होते. आज ते अडीच अब्जांच्या घरात आहे. लाकूडउद्योग हा आकडा अभिमानाने सांगतो आणि त्यात खोटे काही नाही. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संकटग्रस्त जातींच्या यादीत, मूल्यमापन झालेल्या बावीस हजारांहून अधिक जातींपैकी २,६६७ जाती, म्हणजे जवळजवळ १२ टक्के, संकटात असल्याचे नोंदले गेले. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जातींचे मुख्य घर जंगल हेच आहे. आणि आदल्या वर्षीच्या अधिवासांच्या मूल्यमापनात वनप्रकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकार संकटग्रस्त ठरले. हे दोन हिशेब जुळत नाहीत, कारण पहिल्यात जिवंत खोडे मोजली जातात आणि तिथल्या जंगलाचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात मेलेल्या खोडांवर चालते.

उत्तर गोलार्धात नॉर्वेपासून सायबेरियापर्यंत आणि पुढे अलास्का व कॅनडापर्यंत पसरलेल्या सूचिपर्णी वनांच्या पट्ट्याला बोरियल वन किंवा तैगा म्हणतात. फिनलंडचा जवळजवळ तीन चतुर्थांश भूभाग या पट्ट्यातल्या जंगलाने व्यापलेला आहे. स्प्रूस, पाइन आणि बर्च हेच इथले मुख्य वृक्ष, आणि त्यांचे व्यवस्थापन दुसऱ्या महायुद्धानंतर एका ठरीव चक्रात बांधले गेले: एका तुकड्यातली जवळपास सगळी झाडे एकाच वेळी तोडायची, जमीन यंत्राने उकरून तीत रोपे लावायची, ती वाढताना दोन-तीनदा विरळणी करायची आणि साधारण साठ ते शंभर वर्षांनी पुन्हा सगळे तोडायचे. १९४८ साली तिथल्या नामवंत वनतज्ज्ञांनी संयुक्त निवेदन काढून निवडक तोडीला, म्हणजे जंगल उभे ठेवून मोजकीच झाडे काढण्याच्या जुन्या रीतीला, विरोध केला. तेव्हापासून ही रीत पुढील सहा दशके व्यवहारात निषिद्धच राहिली आणि २०१४ साली वनकायदा बदलल्यावरच मालकाला ती उघडपणे स्वीकारता आली. त्या पिढीला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. युद्धानंतर सोव्हिएत संघाला द्यायची नुकसानभरपाई, गमावलेल्या कारेलिया प्रांतातून आलेल्या चार लाखांहून अधिक विस्थापितांचे पुनर्वसन आणि जवळजवळ संपूर्ण निर्यात यांचा भार त्या वेळी जंगलावर होता. लाकडाच्या पैशातून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. चूक एवढीच झाली की आपत्काळासाठी आखलेली पद्धत समृद्धीच्या काळातही शास्त्र म्हणून चालू राहिली.

या पद्धतीत झाडाला म्हातारे होऊन मरण्याची मुभा नसते, आणि जंगलाची हानी नेमकी इथेच होते. दक्षिण फिनलंडच्या नैसर्गिक, म्हणजे तोड न झालेल्या, जंगलात एका हेक्टरवर साधारण ६० ते १२० घनमीटर मेलेले लाकूड सापडते; व्यवस्थापित जंगलात ते जेमतेम चार-पाच घनमीटर उरते. देशातल्या वनवासी जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे चार ते पाच हजार जाती, कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या लाकडावर अवलंबून असतात. स्प्रूसचे एखादे जाड खोड वाऱ्याने आडवे झाले की प्रथम सालीखाली भुंगेरे शिरतात आणि त्यांनी पाडलेल्या भोकांतून कवकांचे बीजाणू आत जातात. काही वर्षांनी खोडावर फळीसारखी कडक वाढ दिसू लागते, जिच्या कडेला लाल-केशरी पट्टा असतो. हे लाल पट्ट्याचे कवक लाकूड तपकिरी आणि ठिसूळ करून टाकते. ते ओसरू लागल्यावर त्याच लाकडावर भडक केशरी रंगाचे दुसरे एक कवक उगवते, आणि या दुसऱ्याला सहसा पहिल्याने आधी कुजवलेलेच लाकूड लागते. मग शेवाळ चढते आणि त्या शेवाळात स्प्रूसची नवी रोपे रुजतात. हा क्रम पुरा होण्यास अनेक दशके लागतात आणि तो चालू राहायचा तर एक खोड कुजून संपण्याआधी जवळपास दुसरे पडलेले असावे लागते. पाइनचे तर याहून विलक्षण. उभ्या उभ्या वाळलेला जुना पाइन साल टाकून देतो, रुपेरी करडा होतो, त्याच्या लाकडाला पीळ आणि लांब चिरा पडतात, आणि तशा अवस्थेत तो कधी कधी शे-दोनशे वर्षे उभा राहतो. काही शैवाके, म्हणजे मराठी स्वयंपाकघरात मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचे भाईबंद, केवळ अशाच लाकडावर वाढतात. शंभर वर्षांच्या आवर्तनात असले झाड तयार होणे गणितानेच अशक्य आहे.

येथे वन्यजीवनिरीक्षणाचा प्रश्न संवर्धनाच्या प्रश्नाला येऊन मिळतो, कारण जे पाहिले जाते त्याचीच बाजू मांडली जाते. फिनलंडच्या पूर्व सीमेवर, कुहमो आणि सुओमुस्साल्मी या भागांत, उन्हाळ्याच्या उजेडी रात्री अस्वले पाहण्याचा व्यवसाय चांगला रुजला आहे. दलदलीच्या काठावर लाकडी लपणी उभारलेली असतात, समोर मांस किंवा मासळीचे आमिष ठेवलेले असते, आणि संध्याकाळी आत शिरलेले पाहुणे सकाळपर्यंत बाहेर पडत नाहीत. तपकिरी अस्वल, क्वचित लांडगा, आणि बळकट जबड्याचा वुल्व्हरिन हा मांसभक्षक प्राणी तिथे हमखास म्हणावा इतक्या जवळून दिसतो. या व्यवसायाने सीमेवरच्या ओसाड पडत चाललेल्या गावांना रोजगार दिला आणि जिवंत अस्वलालाही किंमत असते हे दाखवून दिले. हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु त्यातून जंगलाच्या प्रकृतीविषयी जो समज होतो तो दिशाभूल करणारा आहे. अस्वलाला जुने जंगल अनिवार्य नाही. सरसकट तोडीनंतर उघड्या पडलेल्या तुकड्यांत पाइनची कोवळी रोपे वाढतात, ती मूस या थोराड हरणवर्गीय प्राण्याला खाद्य पुरवतात, आणि १९७० च्या दशकापासून मूसची संख्या जी झपाट्याने वाढली तिच्यामागे हे एक मोठे कारण होते. मूसच्या पिलांवर अस्वलाचेही पोट भरते. म्हणजे लपणीच्या फटीतून जे प्राणी दिसतात ते बहुतांशी वनोद्योगाबरोबर जगू शकणारे आहेत. जे जगू शकत नाहीत ते बोटभर लांबीचे, करड्या रंगाचे आणि कुजक्या लाकडात दडलेले असतात, आणि त्यांच्यासाठी तिकीट काढून कोणी येत नाही.

खरे महत्त्वाचे निरीक्षण वेगळ्याच प्रकारचे आहे. फिनलंडमध्ये कोणालाही कोणाच्याही जंगलातून पायी जाण्याचा, तिथली फळे आणि खाद्य कवके गोळा करण्याचा पारंपरिक हक्क आहे, मग जमीन खाजगी असो वा सरकारी. या हक्काच्या बळावर हौशी निसर्ग-अभ्यासक जुन्या जंगलांत हिंडून खोडकवकांच्या नोंदी करतात, कारण काही कवके ज्या जंगलात आढळतात तिथे मेलेल्या लाकडाची परंपरा दीर्घकाळ अखंड राहिली असावी असे म्हणता येते. उडणाऱ्या खारीचा शोधही असाच चालतो. मोठ्या डोळ्यांची, राखाडी, निशाचर अशी ही खार युरोपीय संघात फिनलंड आणि एस्टोनिया या दोनच देशांत उरली आहे. ती स्वतः क्वचितच दृष्टीस पडते. पण वसंतात बर्फ वितळल्यावर जुन्या स्प्रूसच्या आणि अ‍ॅस्पेनच्या बुंध्याशी तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळसर लेंड्यांचा सडा सापडतो, आणि तेवढ्यावरून तिचे वास्तव्य सिद्ध होते. युरोपीय संघाच्या अधिवास-निर्देशानुसार तिची विणीची आणि विश्रांतीची जागा नष्ट करण्यास बंदी आहे. म्हणून गुडघ्यांवर बसून बुंधे तपासणाऱ्या माणसाची नोंद कायद्याच्या दृष्टीने फार मोलाची ठरते. एवढे होऊनही पूर्वी बहुधा घरट्याच्या झाडाभोवतीचा लहानसा पुंजका राखून बाकीचे रान साफ करण्यात येई, आणि अशा तुटलेल्या पुंजक्यांत खार बहुधा टिकत नाही हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवून दिले. कायद्याची अक्षरे पाळून त्याचा हेतू कसा विफल होतो, याचे हे लख्ख उदाहरण आहे.

उलट उदाहरणही आहे आणि ते आशादायक आहे. पांढऱ्या पाठीच्या सुतार पक्ष्याला जुनी, कुजकी बर्च झाडे लागतात. झाडे तोडून, जाळून फिरती शेती करण्याची रीत पूर्व फिनलंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होती आणि तिच्या मागे बर्चची विस्तीर्ण राने उगवत. पुढे त्यांच्या जागी स्प्रूस लावला गेला आणि १९९० च्या सुमारास या पक्ष्याच्या अवघ्या काही डझन जोड्या उरल्या. त्यानंतर उरलेली बर्चची राने राखण्यात आली, काही ठिकाणी स्प्रूस मुद्दाम काढून टाकण्यात आला, मेलेले लाकूड जागेवरच सोडण्यात आले, आणि आज जोड्यांची संख्या शेकड्यांत आहे. निदान अचूक असेल आणि उपाय पुरेशा विस्ताराचा असेल तर हे जंगल सावरते.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला दुवा लहान असला तरी खरा आहे. हिवाळ्यात पुण्या-मुंबईच्या परिसरात, सह्याद्रीतल्या झाडीत, शेपटी वर झटकत कीटक टिपणारा लाल छातीचा माशीमार येतो, आणि पानाआड सतत चुळबुळ करणारा हिरवट पर्णवटवट्याही येतो. दोन्ही जातींची वीण उत्तरेकडच्या वनांत होते. फिनलंड त्यांच्या वीणक्षेत्राच्या पश्चिमेकडच्या भागात असून तिथे त्या प्रामुख्याने जुन्या, दाट स्प्रूसच्या जंगलात आढळतात. युरोपात वीण करणारे हे माशीमारही हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे न जाता आग्नेयेला वळून भारतीय उपखंडात येतात.

वादातील सर्वांत कठीण बाजू मालकीची आहे. देशातले सुमारे साठ टक्के जंगल खाजगी कुटुंबांच्या मालकीचे आहे आणि अनेकांच्या दृष्टीने ते म्हातारपणची पुंजी आहे. १९९० च्या दशकात युरोपीय संघाच्या संरक्षित क्षेत्रांची आखणी वरून लादली गेली अशी भावना गावोगाव पसरली आणि त्या कडवटपणातून धडा घेऊन २००८ साली ‘मेत्सो’ हा ऐच्छिक संरक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, ज्यात मालक स्वतः होऊन आपले जंगल देऊ करतो आणि त्याला मोबदला मिळतो. हा मार्ग सभ्य आहे, टिकाऊ आहे आणि त्याला अधिक पैसा मिळायला हवा. पण केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही, कारण संरक्षित जंगलाचा फार मोठा वाटा उत्तरेकडच्या लॅपलंडात एकवटला आहे आणि जातींची खरी श्रीमंती असलेल्या दक्षिणेत तो थोडकाच आहे. शिवाय उत्तरेतही प्रश्न मिटलेला नाही. इनारी भागातले सामी या मूलनिवासी समाजाचे पशुपालक सांगत आले आहेत की हिवाळ्याच्या अखेरीस बर्फावर कठीण थर जमला की रेनडिअरला जमिनीवरचे खाद्य उकरता येत नाही आणि जुन्या झाडांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शैवाकावरच त्याला जगावे लागते. तोडीनंतर लावलेल्या तरुण झाडांवर हे शैवाक नसते. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने याच भागातल्या नेल्लिम गावाजवळची तोड थांबवण्याची विनंती केली, तेव्हा कुठे तिथली यंत्रे थांबली.

२०२२ मध्ये रशियातून येणारे लाकूड बंद झाल्यापासून तोडीचा ताण वाढला आहे, आणि ज्या जमिनी व जंगले कर्ब शोषून घेतात असे गृहीत धरून हवामानाची उद्दिष्टे ठरवली गेली, त्यांचे एकत्रित खाते आता शोषणाऐवजी उत्सर्जनाच्या बाजूला गेल्याचे तिथल्या शासकीय संशोधन संस्थेची आकडेवारी सांगते. जुने जंगल वाढत नाही म्हणून ते तोडून नवे लावावे, हा उद्योगाचा युक्तिवाद यामुळे दुबळा झाला आहे. तोडलेल्या लाकडाचा मोठा भाग कागद, पुठ्ठा आणि इंधन होऊन थोड्याच काळात पुन्हा हवेत जातो. खाजगी मालकाकडे त्यागाची मागणी करण्यापूर्वी राज्याने स्वतःच्या ताब्यातल्या जंगलाकडे पाहिले पाहिजे. उत्पादक वनजमिनीपैकी सुमारे एक चतुर्थांश सरकारच्या मालकीची आहे, आणि तिथली उरलीसुरली जुनी जंगले राखल्याने कोणत्याही कुटुंबाची पुंजी बुडत नाही. ‘जुने जंगल’ कशाला म्हणायचे याचे निकष ठरवण्याच्या वाटाघाटीत ती एकेक करून तुटू देणे हा निर्णय टाळण्याचा मार्ग आहे, आणि तो क्षम्य नाही. निकषांवर एकमत होईपर्यंत सरकारी जमिनीवरच्या अशा सर्व जंगलांतली तोड तातडीने थांबवली पाहिजे. कारण दोनशे वर्षांचा पाइन तोडला, तर त्याच्या जागी तसाच दुसरा उभा राहायला दोनशे वर्षेच लागतात.