तिकीट खरं, प्रवास खोटा

समजा, मुंबईहून इस्तंबूलला थेट जाणारं तिकीट ३१ हजारांना आहे. त्याच विमानाने इस्तंबूलला उतरायचं, दोन तास थांबायचं आणि पुढे अथेन्सला जायचं, असं तिकीट मात्र २३ हजारांना मिळतंय. मला जायचंय इस्तंबूललाच. मी अथेन्सचं तिकीट काढलं, इस्तंबूलला उतरलो आणि पाठीवरची सॅक घेऊन विमानतळाबाहेर चालू लागलो, तर मी काही वाईट केलं का?

सध्या मी चार महिन्यांच्या आणि सहा देशांच्या प्रवासाची जुळवाजुळव करतोय. तुर्की, ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को. नोकरीतून बिनपगारी रजा घेतलेली, त्यामुळे प्रत्येक हजार मोजावा लागतो. स्वस्तात कसं जायचं हे शोधायला बसलं की पहिल्या तासाभरातच ही युक्ती कुणीतरी सांगतं. आठ हजार म्हणजे लिस्बनमधल्या हॉस्टेलच्या चार-पाच रात्री. प्रश्न पैशांचा वाटतो, पण थोडं खरवडलं की खाली दुसराच प्रश्न निघतो: जे करायचा इरादा नाही त्याचं तिकीट काढणं हे खोटं बोलणं आहे का?

आधी लांबचा प्रवास स्वस्त का, ते बघू. दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झेंडू काय भावाने जातो, आणि दसऱ्याच्या रात्री तोच झेंडू पुलाखाली कसा पडलेला असतो, हे आपण पाहिलंय. विमानातली सीटही तशीच. दार बंद झालं की तिची किंमत शून्य. म्हणून कंपनी प्रत्येक सीट कुणाला, कधी, कितीला विकता येईल याचा सतत अंदाज बांधत असते. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. त्यानंतर अमेरिकन एअरलाइन्ससारख्या कंपन्यांनी हे अंदाज कॉम्प्युटरवर बांधण्याचं शास्त्रच उभं केलं. आज त्याची फळं आपण सगळे चाखतो. त्या हिशेबात अंतराला फार किंमत नसते, स्पर्धेला असते. मुंबईहून अथेन्सला आखाती शहरांतून नेणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, म्हणून ते भाडं उतरतं. मुंबई–इस्तंबूल थेट नेणाऱ्या मोजक्याच, म्हणून ते चढतं. म्हणजे कंपनी मला किलोमीटर विकत नाही. माझ्याकडे दुसरा पर्याय किती आहे, ते मोजून विकते.

मग मी त्यांच्याच हिशेबातली फट वापरली तर बिघडलं कुठे? या बाजूचा सगळ्यात सरळ युक्तिवाद राईस प्लेटचा आहे. गिरगावातल्या एखाद्या खानावळीत नुसती भाजी-पोळी वेगवेगळी मागवण्यापेक्षा राईस प्लेट स्वस्त पडते. मी राईस प्लेट घेतली आणि भात खाल्लाच नाही, तर मालक गल्ल्यावरून उठून जाब विचारायला येत नाही. पैसे दिले, ताट माझं.

न्यायालयांतही हा वाद गेलाय. ऑस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिॲटलला जाऊन परतणाऱ्या एका प्रवाशाने येताना फ्रँकफर्ट–ऑस्लो हा शेवटचा टप्पा सोडून दिला, म्हणून लुफ्तान्साने त्याच्याकडे सुमारे २,१०० युरोंची मागणी केली. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये तो दावा फेटाळला. उलट अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या वेबसाइटविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स टेक्सासच्या न्यायालयात गेली, तेव्हा ऑक्टोबर २०२४मध्ये ज्यूरीने कंपनीच्या बाजूने ९४ लाख डॉलर्सची भरपाई ठरवली. पण तो निकाल कॉपीराइटच्या मुद्द्यावरचा होता. प्रवाशाने मधेच उतरणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न दोन्हीकडे अर्धवटच राहिला.

कंपन्यांचं म्हणणं असतं की तिकीट काढताना तुम्ही अटी मान्य केल्या होत्या. ‘मला अटी मान्य आहेत’ लिहिलेला तो छोटा चौकोन मी स्वतः ऑफिसात बनवलेला आहे, एका वेगळ्याच धंद्याच्या ॲपसाठी. तिथे लोक किती सेकंद थांबतात ते आम्हाला दिसायचं. वाचण्याइतकं कुणीच थांबत नाही. ज्याने वाचलंच नाही त्याचं वचन किती पक्कं? शिवाय कंपन्या स्वतः विमानात जितक्या सीट आहेत त्याहून जास्त तिकिटं विकतात, कारण काही लोक येणार नाहीत हे त्यांनी धरलेलं असतं. सगळेच आले तर कुणाला तरी खाली ठेवतात. भारतात त्याबद्दल भरपाईचा नियम आहे: एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर काही नाही, २४ तासांच्या आत दिलं तर कमाल १० हजार रुपये, त्यापुढे कमाल २० हजार. म्हणजे तिकीट हे दोन्ही बाजूंनी पूर्ण वचन नसतंच. तो एक अंदाज असतो, आणि चुकला तर काय द्यायचं ते आधी ठरलेलं असतं.

इथपर्यंत माझं मत प्रवाशाच्या बाजूने होतं. ते डळमळलं ते गणपतीच्या तिकिटांमुळे.

लालबाग-परळमधल्या ज्याचं गाव कोकणात आहे त्याला हा खेळ माहीत आहे. आरक्षण उघडायच्या दिवशी सकाळी आठला सगळं घर फोन घेऊन बसतं. १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, पण घाई तीच. तुतारी असो की मांडवी, काही मिनिटांत वेटिंग लागतं. रजा कुठल्या दिवसापासून मिळेल याची खात्री नसते, म्हणून लोक दोन-तीन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढून ठेवतात आणि नको ती शेवटी रद्द करतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, त्याचंच हे नवं रूप. पैसे भरलेत, नियमात बसतं, रद्द केल्याचा दंडही कापला जातो. राईस प्लेटचा युक्तिवाद इथेही जसाच्या तसा लागू पडतो. तरी इथे तो घशाखाली उतरत नाही, कारण वेटिंगवर राहिलेला माणूस मला माहीत आहे. तो आमच्याच मजल्यावर राहतो आणि मग चतुर्थीच्या आदल्या रात्री जनरलच्या डब्यात दाराशी उभा राहून सावंतवाडीपर्यंत जातो.

दोन्हीकडे कृती एकच: जे वापरायचं नाही ते धरून ठेवणं. एकीकडे नुकसान कंपनीचं, दुसरीकडे शेजाऱ्याचं. म्हणून एक चालतं आणि एक चालत नाही, एवढंच का? समोरचा मोठा असला की फसवणूक लहान होते का? मला हे पटत नाही. मोठ्याला फसवणं ठीक असं मानलं, तर उद्या प्रत्येकाला कुणीतरी आपल्यापेक्षा मोठं सापडतंच.

आपल्याकडे या प्रश्नासाठी एक तयार गोष्ट आहे. द्रोणपर्वातली. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि युधिष्ठिराने ‘नरो वा कुंजरो वा’ केलं. शब्द सगळे खरे, पण द्रोणाच्या मनात जे उतरवायचं होतं ते खोटं. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. अथेन्सचं तिकीट काढून इस्तंबूलला उतरणं याच जातीचं वाटतं: पीएनआर खरा, पैसे खरे, इरादा खोटा. पण त्याच महाभारतात, कर्णपर्वात, कृष्ण कौशिकाची उलटी गोष्ट सांगतो. कौशिकाने कायम खरंच बोलायचं व्रत घेतलेलं. लुटारूंपासून पळालेले लोक कुठे लपलेत ते त्याने खरं खरं सांगून टाकलं. लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. तिकडे जर्मनीत कांटने १७९७मध्ये नेमकी उलट बाजू घेतली: मारेकरी दारात उभा असला तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. मला कौशिकाची गोष्ट जास्त शहाणी वाटते. खरं-खोटं शब्दांवर ठरत नाही, त्याची किंमत कुणाच्या अंगावर पडते तेही बघावं लागतं.

ही कसोटी घेऊन माझ्या प्रवासातल्या दुसऱ्या, जास्त अवघड प्रश्नाकडे येतो. तो व्हिसाचा आहे.

ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल हे चारही देश शेंगेनमध्ये येतात, त्यामुळे व्हिसा एकच. तो कुणाकडे मागायचा याचा नियम आहे: ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. फी ११ जून २०२४पासून ९० युरो, आणि नकार मिळाला तर ती परत मिळत नाही. अर्जासोबत येण्या-जाण्याचं आरक्षण दाखवायचं असतं. व्हिसा मिळेल की नाही माहीत नसताना तिकीट काढणार कोण? म्हणून दोन-चार दिवसांपुरतं आरक्षण धरून देणारे एजंट या शहरात हवे तेवढे आहेत. त्याला सगळे ‘डमी तिकीट’ म्हणतात.

माझ्या बाबतीत अडचण अशी की जिथे जास्त दिवस राहायचंय त्या देशाची अपॉइंटमेंट मुंबईत मिळत नव्हती. मित्राने तोडगा सुचवला: जिथे मिळतेय त्या देशाचे १५ दिवस कागदावर दाखव, डमी तिकीट आणि रद्द करता येणारं हॉटेल जोड, व्हिसा आला की तुझ्या मनाने फीर. सगळे हेच करतात.

याच्या बाजूने एक खरा राग आहे आणि मी तो नाकारत नाही. जर्मन माणसाला इस्तंबूलला जाताना कुणी बँकेचं स्टेटमेंट मागत नाही. मला सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र, सगळं द्यावं लागतं, आणि कारण एवढंच की मी जन्माला कुठे आलो. अन्यायाने बनवलेल्या रांगेत नियम पाळायची जबाबदारी फक्त माझीच का?

पण किंमत कुणावर पडते, हे विचारून बघा. कागदावर एक देश आणि प्रत्यक्षात दुसरा, असं मुंबईहून हजार जणांनी केलं, तर त्या देशाचं काही बिघडत नाही. ते पुढच्या वेळी मुंबईकरांकडून आणखी एक कागद मागतील. आणखी महिनाभर लावतील. तो कागद जमवायला परळचा कुणीतरी मुलगा पळेल, ज्याची ॲडमिशन लागलेली आहे आणि कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे उरलेत. किंवा गिरगावातली आजी, जिच्या मुलीचं बाळंतपण परदेशात आहे. माझं खोटं मला लागत नाही. ते माझ्या मागच्या माणसाच्या नावावर, संशयाच्या रूपात जमा होतं. ज्या अन्यायाचा मला राग येतो, त्याच अन्यायाला मी एक वीट आणून देतो.

डमी आरक्षणाचं थोडं वेगळं आहे. ते खरोखर आपल्याच मार्गाचं आणि आपल्याच तारखांचं असेल, तर त्यात फसवणूक नाही. व्हिसाच्या आधी पक्कं तिकीट काढू नका, हा सल्ला वकिलातीच देतात. दोन्ही बाजूंना माहीत असलेला तो एक अंदाज आहे. खोटेपणा कागदाच्या कच्चेपणात नसतो, न करायच्या गोष्टीचा कागद बनवण्यात असतो.

आता पुन्हा अथेन्सचं तिकीट घेऊ. परदेशातल्या चर्चेत एक गोष्ट कधीच येत नाही, कारण त्यांना ती घडतच नाही. मजबूत पासपोर्टवाला मशीनवर बोर्डिंग पास काढतो आणि मधेच उतरतो. त्याला कुणालाही काही सांगावं लागत नाही. त्याचा सौदा एका गणिताशी असतो. आपल्याला मुंबईच्या काउंटरवर थांबावं लागतं. पलीकडची मुलगी पासपोर्ट चाळते, ग्रीसला चालणारा व्हिसा आहे का ते बघते आणि विचारते, “अथेन्स? किती दिवस?” व्हिसा नसलेल्याला नेलं तर कंपनीला दंड बसतो, म्हणून तिला विचारावंच लागतं. तिथे मला तिच्या डोळ्यांकडे बघून एक वाक्य बोलावं लागेल. ज्या युक्तीत त्यांना फक्त एक टप्पा सोडायचा असतो, त्यात आपल्याला खोटं बोलायचं असतं.

म्हणून मी स्वतःपुरता निकष असा लावलाय: जे करायचंय ते काउंटरवर मोठ्याने सांगून करता येईल का, आणि त्याचा भार माझ्या मागच्या रांगेवर पडेल का? मोरोक्कोहून मुंबईला येण्यासाठी एकेरी तिकिटापेक्षा जाऊन-येऊन तिकीट स्वस्त पडत असेल, तर मी ते घेईन, आणि मुंबईला उतरल्यावर उरलेला टप्पा रद्द करून सीट मोकळी करीन. परत जाणार का असं कुणी विचारलं, तर नाही म्हणून सांगेन. ते लपवावं लागत नाही. अथेन्सचं मात्र लपवल्याशिवाय होतच नाही. आणि व्हिसाचा अर्ज ज्या देशाचा आहे त्यालाच करीन, मग प्रवास दीड महिना पुढे गेला तरी चालेल.

हा निकष महाग आहे. आतापर्यंतच्या हिशेबात तो मला अठरा-एकोणीस हजारांना पडतोय, आणि तारखा पुढे गेल्याने ग्रीसमध्ये कडक उन्हाळा लागेल ते वेगळंच. ज्याच्याकडे हे अठरा हजार नाहीतच, त्याने काय करावं ते मी सांगू शकत नाही. त्याला शिकवायला मी जाणारही नाही. पण ज्याच्याकडे आहेत आणि तरीही जो ‘सगळे हेच करतात’ म्हणतो, त्याला एवढंच विचारेन की त्या ‘सगळ्यां’च्या मागे रांगेत कोण उभं आहे, ते वळून कधी पाहिलंय का.