व्यसन म्हणजे संकट



'व्यसन' हा शब्द आपण रोज उच्चारतो, पण उकलून पाहत नाही. 'वि' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू. माणसाला त्याच्या कल्याणापासून दूर भिरकावून देते ते व्यसन. संस्कृतात याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, संकट. राजावर व्यसन आले म्हणजे राजा दारू पिऊ लागला असे नव्हे. त्याच्यावर आपत्ती कोसळली. मराठीत आपण वाईट सवयीचा अर्थ ठेवला आणि संकटाचा विसरलो. म्हणून घरचा पोरगा नशेच्या आहारी गेला की आपल्याला त्याचा दोष दिसतो. त्याच्यावरचे संकट दिसत नाही.

हा विषय वारकऱ्यांपुढे कशाला, असे कोणी म्हणेल. अहो, आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात, ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो हेरॉईन पकडले गेले. बांबूसारख्या रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत ते दडवले होते, आणि नाव सांगितले होते ज्येष्ठमधाचे! जुलै २०२१ मध्ये त्याच बंदरात आणखी सुमारे २९० किलो सापडले. तो माल आपल्या गावांत उतरणार होता असे आम्ही म्हणत नाही. पण विष औषधाचे नाव घेऊन येते, एवढे त्यातून कळावे. गर्द, कोडीन घातलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोलच्या गोळ्या, ही सारी अफूच्याच कुळीतली. काही बोंडातून निघालेली, काही कारखान्यात घडवलेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अशी द्रव्ये घेणारे देशात सुमारे सव्वादोन कोटी असल्याचे आढळले.

आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांना आम्ही विचारले, "मनाचा निग्रह केला तर हे सुटू नये काय?" ते म्हणाले, "बुवा, वेदना शमवणारे द्रव्य देह स्वतःच तयार करतो. मेंदूत त्याच्यासाठी जणू कुलुपे आहेत. अफू त्याच कुलुपांना खोटी किल्ली लावते. मग देह त्या किल्लीला सरावतो. कालची मात्रा आज पुरत नाही. मिळाली नाही तर नाकडोळे गळतात, हाडे मोडल्यागत दुखतात, जुलाब होतात, झोप उडते. पहिली पुडी पोरगा हौसेने घेतो. शंभरावी सुखासाठी घेत नाही, हे दुखणे चुकवण्यासाठी घेतो."

आता घरोघरचा उपाय पाहा. पोराला माळ घाला, वारीला न्या, सुटेल! हेतू चांगलाच आहे. परंतु डॉक्टरांनी जे सांगितले ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे. वारीचे वीस दिवस पोरगा कोरडा राहिला, तर देहाची सोसण्याची ताकद उतरते. घरी परतल्यावर जुना सोबती भेटतो आणि तो जुनीच मात्रा घेतो. ओढ तीच, पण देह आता तो नव्हे. श्वास मंदावतो आणि थांबतो. बरी झाली म्हणून ज्यांचे पेढे वाटले, ती पोरे अशी दगावतात.

मग माळ व्यर्थ काय? मुळीच नव्हे. रेवदंड्याच्या खाडीतला खलाशी आधी फळीची भेग बुजवतो, मग शीड उभारतो. भेग बुजवली आणि शीडच नाही, तर होडी काठालाच. शीड उभारले आणि भेग तशीच, तर होडी बुडालीच. भेग बुजवणे डॉक्टरांचे काम, शीडात वारा भरणे नामाचे. दोन्ही हवे.

१९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्याला येरवड्यात मुक्तांगण सुरू केले, तेव्हा पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी पैशाचे बळ दिले. गर्दुल्ला म्हणून ज्याला दार बंद होते, त्याला तिथे आजारी माणूस म्हणून जागा मिळाली. हीच दृष्टी आपल्या दिंडीत यावी.

म्हणजे करावयाचे काय? मारू नका, कोंडू नका, शपथेवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. "एक नशा सोडून दुसरी धरली" असे हिणवू नका आणि वारीला निघताना ते परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. पोरगा हाकेला ओ देत नाही, श्वास मंद आहे, ओठ निळे पडले, तर तोंडात पाणी वा तीर्थ घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भीतीने दडवूनही ठेवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातच आहे.

वरसोलीला कार्तिकीच्या यात्रेत विठोबाच्या दर्शनाची रांग लागते. त्या रांगेत असा एखादा पोरगा मान खाली घालून उभा असेल. त्याच्या गळ्यात माळ आहे का, हे मागाहून पाहा. आधी विचारा, "बाळा, जेवलास का? औषध घेतलेस का?" संकटात सापडलेल्याला जो जवळ करतो, त्याचीच वारी विठोबाच्या पायी रुजू होते.

राम कृष्ण हरि.