शेवटचा भाग आणि बेदरचा दरबार

महामारी, दुष्काळ किंवा युद्धाने समाजाची घडी विस्कटल्यानंतर मागे उरलेली माणसे कशी जगतात हे सांगणाऱ्या कथेला प्रलयोत्तर कथा म्हणतात, आणि अशा कथेवरील मालिकेचा खरा कस तिच्या शेवटच्या भागात लागतो. कारण संकट रंगवणे तुलनेने सोपे असते, पण संकटात कोणी कोणाचे काय देणे लागत होते याचा निवाडा केल्यावाचून कथा मिटवता येत नाही. 'स्टेशन इलेव्हन' या दहा भागांच्या अमेरिकी मालिकेचा १३ जानेवारी २०२२ रोजीचा अखेरचा भाग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. फ्लूच्या साथीने जग ओस पडल्याला वीस वर्षे लोटली आहेत, गावोगाव हिंडणारी नाटकमंडळी विमानतळावर वसलेल्या वस्तीत 'हॅम्लेट' उभे करते, आणि एकमेकांना दुरावलेले मुलगा, आई व वस्तीचा कारभारी हेच त्यात हॅम्लेट, गर्ट्रूड आणि क्लॉडियस होऊन मनातली सल बोलून टाकतात. शेवट हृद्य आहे. तरी त्यात चुकता होतो तो नात्यांचा हिशेब. धान्यावर आणि औषधांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथे मागेच राहतो.

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात हा प्रश्न फार जुना आहे. बहमनी राज्य १३४७ मध्ये गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, स्थापन झाले आणि पंधराव्या शतकात त्याची राजधानी बिदरला गेली. त्याच बेदरच्या बादशहाचा मंगळवेढ्यातील अंमलदार दामाजीपंत याची कथा महिपतीच्या १७६२ मधील 'भक्तविजया'त आहे आणि कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे निरूपणानंतरच्या कथाभागात, तिचे आख्यान लावले जाते. दुष्काळात दामाजी सरकारी कोठारे भुकेल्यांना लुटू देतो, बादशहा त्याला धरून आणण्याचा हुकूम काढतो, आणि दामाजी बेदरच्या वाटेवर असतानाच विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात हजर होतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला लहानशी थैली; ती रिती करू लागताच मोहरांचा ढीग पडतो, आणि सगळा भरणा झाल्यावर हा महार जोहार घालून आधी पावती मागतो. देवाने पावतीसाठी खोळंबावे, यातच या आख्यानाची थोरवी आहे. आख्यानकाराला कळले आहे की दुष्काळाची कथा पाऊस पडल्याने संपत नाही, ती दप्तरात संपते. म्हणूनच तिचा शेवटचा प्रवेश उपाशी गावात न घडता राजधानीत घडतो.

मात्र याच प्रवेशात एक उणीवही आहे, आणि भक्तिभावापोटी ती झाकू नये. देव धान्याची किंमत भरतो, म्हणजे ते धान्य बादशहाचेच होते हे मान्य करतो; रयतेने पिकवलेल्या दाण्यावर रयतेचा हक्क होता, असे दरबारात कोणीच म्हणत नाही. दुसरे असे की सरकारी भरणा पोचवणे हे गावगाड्यात महाराचे नेमून दिलेले काम होते, त्यामुळे देवाने घेतलेले सोंग कोणालाही खटकले नाही. आणि देव अंतर्धान पावल्यावर खरा महार वेशीबाहेरच राहिला. ज्या मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा दगावला, त्याच गावची ही कथा आहे. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्या बादशहाने दिली, अशीही लोकपरंपरा आहे. पण त्या हक्कांसोबत आलेली वतनाची राबणूक पिढ्यान्‌पिढ्या चालली, तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडावे लागले, आणि मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. दामाजी पुढे चाकरी सोडून पंढरीस गेला, हे आख्यान आवर्जून सांगते; ज्याचे रूप देवाने घेतले त्या मंगळवेढ्याच्या महाराचे पुढे काय झाले, याविषयी त्यात एक ओळही नाही.