चव पानात की जिभेवर?

हवानाच्या कारखान्यांत हाताने वळलेली सिगार ओढून पारखणारे लोक नेमलेले असतात. धूर मोकळा येतो का, कड सारखी जळते का, ते पाहतात. एवढं कुणालाही पडताळता येतं. पण सुगंधाचं काय?

तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये निकाल दिला : जिभेला सुखावणारं ते ज्याचं त्याचं.

तत्त्वज्ञ ह्यूमने मात्र १७५७ च्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली गोष्ट घेतली. एका जाणकाराला वाइनमध्ये चामडं जाणवलं, दुसऱ्याला लोखंड. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामडी वादीची किल्ली निघाली!

सिगारपुरता तरी ह्यूमच पटतो. झाडाच्या शेंड्याकडचं, भरपूर ऊन खाल्लेलं ‘लिगेरो’ पान सिगारला कडकपणा देतं. जाणत्याला ते कळतं. ह्यूमने पारखणाऱ्याकडून सराव, तुलना आणि पूर्वग्रहमुक्ती मागितली होती. नावाची कागदी पट्टी काढून घेतलेली चाचणी ही तिसरी अट पाळू पाहते.