पंचशिऱ्या देव यानात बसला तर?

शंका : मी वारली. गाव डहाणू तालुक्यात, नोकरी बोईसरला. कागदावर लग्नचौक काढला आणि पंचशिऱ्या देवाला घोड्याऐवजी अंतराळयानात बसवलं. आजी म्हणाली, देव कोपेल. मित्र म्हणतात, देव कसला, ही कला आहे. मला दोन्ही पटत नाहीत. माझं चुकलं का?

समाधान : मित्रांचं म्हणणं आधी बाजूला ठेवू. ‘ही कला आहे’ असं म्हटलं की प्रश्न सुटत नाही, टळतो.

चौक कसा होतो ते आजीला ठाऊक आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने तो लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा पालघट देवी तिथे येते. नुसत्या रेघांनी देव बसत नाही. तुमच्या कागदापाशी धवलेरी नव्हती, देवही बसला नव्हता; तेव्हा त्याचा अपमान झाला असं मी मानत नाही.

परंपरेचं म्हणाल, तर पुरुषाने रोज उठून कागदावर चित्रं काढणं हीच एके काळी नवलाई होती. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ते सुरू केलं आणि २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. आगगाडी, विमानही वारली चित्रांत कधीच शिरली आहेत.

अमेरिकेतल्या अनिशिनाबे या मूलनिवासी समाजातल्या अभ्यासक ग्रेस डिलन यांनी तुमच्या चित्रासारख्या निर्मितीला ‘आदिवासी भविष्यवाद’ या अर्थाचं नाव दिलं. २०१२मध्ये त्यांनी अशा विज्ञानकथांचा संग्रहही काढला. या विचारातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : मूलनिवासींचं जग वसाहतींनी एकदा बुडवलेलंच आहे, तेव्हा पुढचं जग रंगवताना पूर्वज आणि देव सोबत हवेत. तुमच्या तालुक्यात भविष्य येतंय ते वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेन होऊन, आणि त्यांचे नकाशे दुसऱ्यांनी आखलेत. तुमचं यान निदान तुम्ही आखलंत. (ते चांगलं उतरलं का, हा वेगळा प्रश्न.)

तरी एक खटकतं. यान आणलंत ते ठीक, पण घोडा का हाकललात? आजीला बहुधा तेच लागलं असावं. तो देवाचा घोडा आहे, जुनं वाहन म्हणून मोडीत काढण्याजोगा नव्हे. दोन्ही एका चित्रात राहू द्या. त्यांचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही. श्रद्धा आणि कुतूहल एकाच घरात भांडत नांदतात.

कागदावर हवं ते काढा. घरच्या लग्नातल्या भिंतीला मात्र सुवासिनींना आणि धवलेरीला विचारल्याशिवाय हात लावू नका.