नंबर कुणाचा?

कोथरूडमध्ये एक जोडपं राहत होतं. तो हिंजवडीत नोकरीला, ती बँकेत. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या लॉटरीत त्याचा नंबर लागला नाही आणि दिवाळीत कळलं, घरात पाळणा हलणार. पाचव्या महिन्यापर्यंत त्याचा बेत ठरला होता: बाळंतपण अमेरिकेत करायचं. तिथे जन्मलेलं मूल तिथलं नागरिक. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६८ मध्ये झालेली ती घटनादुरुस्ती आता कोथरूडच्याही कामी येणार होती.

"सगळं बाळासाठी," तो म्हणाला.

त्याची आजी गवार निवडत होती. लेकीच्या बाळंतपणाला ती डिंक-आळीव घेऊन एडिसनला सहा महिने राहून आलेली, त्यामुळे अमेरिकेचं तिला फारसं अप्रूप नव्हतं.

"व्हिसा कसला काढणार?"

"फिरायचा."

"सातव्या महिन्यात फिरायला?"

२०२० पासून तिथला नियमच आहे: मुलाच्या नागरिकत्वासाठी बाळंतपणाला निघाल्याचं दिसलं, तर हा व्हिसा मिळत नाही. म्हणजे मुंबईच्या वकिलातीत खोटं बोलणं आलं.

"बरं, मिळणार काय?"

"पासपोर्ट. शिवाय २१ वर्षांचं झालं की ते आपल्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतं."

"आपल्यासाठी," आजी म्हणाली. "म्हणजे तुझा नंबर लागला नाही म्हणून पोटातल्याला रांगेत उभं करायचं. तुला जायचंय ना? मग रांगेत तू उभा राहा. आपली हौस लेकराच्या नावावर खपवू नये."

उत्तर सुचेना, तेव्हा तो चिडला. आजी थांबली नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. एडिसनला जन्मलेल्या त्याच्या आतेभावाला पुण्यात राहायला ओसीआय कार्ड लागतं, मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही.

"मला कुणी विचारणार आहे का?" नातसून म्हणाली. "मला साताऱ्याला जायचंय. आईकडे."

त्याच महिन्यात, २० जानेवारी २०२५ ला, ट्रम्प यांनी आदेश काढला: तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना यापुढे जन्माने नागरिकत्व नाही. तीन दिवसांत सिअॅटलच्या न्यायालयाने तो अडवला. पण तेवढ्यात तिकडची काही भारतीय जोडपी, आदेश लागू होण्याआधी सिझेरियन करून द्या म्हणत डॉक्टरांकडे पोहोचली होती. ती बातमी आजीने वाचून दाखवली नाही. पेपर त्या पानावर उघडा ठेवला आणि देवपूजेला गेली.

नातसून माहेरी गेली. मार्चमध्ये त्याने कंपनीतर्फे स्वतःचं नाव पुन्हा लॉटरीत घातलं. याही वेळी नंबर लागला नाही. मे महिन्यात साताऱ्याला मुलगी झाली. बारशाला तो स्वारगेटहून एसटीने गेला. पुढच्या मार्चची चौकशी मात्र त्याने अजून सोडलेली नाही.