चातकाचं अंडं कुणाच्या घरट्यात?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३३ आणि ३४.

भक्ती म्हटलं की चातक आठवतोच. चोच वर करून फक्त पावसाच्या थेंबाची वाट बघणारा. काल टेकडीवर तो पहिल्यांदाच नीट दिसला. पाठ काळी, पोट पांढरं, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका. मोसमी वाऱ्यांसोबत येतो, म्हणून त्याला पावसाचा दूत मानतात.

घरी येऊन त्याच्याबद्दल वाचलं आणि मन खट्टू झालं. हा कोकिळेच्याच कुळातला. स्वतः घरटं बांधतच नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते. अंडंही त्यांच्यासारखंच निळं. चातकाचं पिल्लू सातभाईंच्या पिल्लांना सहसा बाहेर ढकलत नाही, पण त्यांच्या घासात वाटेकरी होतं. आणि भरवायला सातभाईंचा थवा राबतो.

मग चातक ढोंगी का? नाही. ३३वा श्लोक म्हणतो, प्रत्येक जीव आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो. पक्ष्याला दोष कसला? पण भगवंत तिथे थांबत नाहीत. पुढच्याच श्लोकात सांगतात, इंद्रियांच्या विषयांत आवड-नावड बसलेलीच आहे, तिच्या ताब्यात जाऊ नकोस. हे ऐकू शकतो तो माणूस. 'माझा स्वभावच असा' हे चातकाला शोभतं, आपल्याला नाही.

मागच्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती आणि माझं पारायण चालू होतं. रात्री आई उठायची, पाणी द्यायची, आजीची कूस बदलायची. मी पहाटे ताजीतवानी होऊन पोथी उघडायचे. वाटायचं, किती छान चाललीये साधना! ती आईच्या जागरणावर वाढतेय, हे दिसलंच नाही. पारायण आवडत होतं, रात्रीचं उठणं नको होतं. होती नुसती आवड-नावड, नाव मात्र भक्तीचं.

चातकाकडून वाट बघणं जरूर शिकूया. पण भरवणं सातभाईंकडून. पिल्लू परकं आहे हे त्यांना कळत नसावं. आपल्याला कळतं, तरीही करता येतं. तीच सेवा.

आज जपाला बसण्याआधी एकदा स्वतःला विचारा: माझ्या या निवांत वेळेसाठी घरात कोण राबतंय? आधी त्या माणसाच्या हातातलं एक काम घ्या. मग माळ घ्या.

राम कृष्ण हरी!